व्याह्यांचा एक तास

चहावरून अख्ख्या गावाशी भांडणारा आणि तरीही दिवसाला चार कप चहा पिणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला! माझी धाकटी सून ही त्यांची एकुलती एक लेक. आम्ही कडेगावचे, उसाच्या रानातले; ते मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातले. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या धाकट्याला साताऱ्यात नोकरी लागली, तिथं कुणीतरी स्थळ सुचवलं, आणि हा माणूस माझ्या आयुष्यात आला तो थर्मास घेऊनच.

दिसायला काही विशेष नाही. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या, विजारीची इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं. फौजेत बावीस वर्षं काढून हवालदार होऊन घरी आले. त्यातली काही वर्षं आसामात, चहाच्या मळ्यांच्या शेजारी. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबूनं त्यांना चहातलं टॅनिन समजावून सांगितलं म्हणे. बाकीचे लोक फौजेतून लोखंडी पेटी आणि घोंगडी घेऊन येतात, हे टॅनिन घेऊन आले. टॅनिन म्हणजे चहातला तुरटपणा. चहा उकळत ठेवला की तो उतरतो, जीभ ओढल्यासारखी होते, आणि जेवणातलं लोह तो धरून बसतो, अंगाला नीट लागू देत नाही. म्हणून जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा घ्यायचा नाही. झालं, संपलं! मी चौथी शिकलेली बाई, मला चार ओळींत सांगता आलं. व्याह्यांना दोन तास लागतात, आणि ते दोन तास तुम्हाला उठू देत नाहीत.

मुलगी बघायला आम्ही मेढ्याला गेलो ती गोष्ट सांगते. मी, धाकटा आणि आमचे थोरले दीर. पोहे आले. छान झाले होते, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. आम्ही खाल्ले. मुलगी येऊन पाटावर बसली, दोन प्रश्न झाले, उठून गेली. आता चहा यायचा. चहा येईना! पाच मिनिटं झाली, दहा झाली. आमच्याकडं पोह्यांनंतर चहा आला नाही म्हणजे मुलगी द्यायची नाही, एवढा सरळ अर्थ. व्याही समोर हाताची घडी घालून बसलेले, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. दिरांचा पारा चढत चालला. ते एकदा खाकरले, दोनदा खाकरले, मग पाय लांब करून चपला शोधायला लागले.

"पाव्हणं," दीर म्हणाले, "च्या याचा हाय का आमी निघू?"

"येनार! येनार!" व्याही एकदम खूश होऊन म्हणाले. "अजून एकोनचाळीस मिन्टं हायती."

"एकोनचाळीस? दूध काढायला म्हस डोंगरावर गेलीया का?"

"आवं, पोह्यात लोह असतंय. लगीच च्या वतला तर ते सगळं वाया. तुमी आमच्या दारात आलासा, खाल्लेलं तुमच्या अंगाला लागाय नगो?"

दीर माझ्याकडं बघायला लागले, मी छताकडं बघायला लागले. पण एकोणचाळीस मिनिटं आम्ही बसलो. करणार काय, पोराचं मन बसलं होतं, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. त्या वेळात व्याह्यांनी आम्हाला हिरडा दाखवला. त्यांच्या डोंगरात हिरड्याची झाडं पुष्कळ. त्यांच्या लहानपणी घरातली सगळी माणसं हिरडा गोळा करायची, वाळवायची, व्यापारी घेऊन जायचे, आणि त्यानं कातडं कमावलं जायचं. त्यांनी दिरांना एक हिरडा चावायला लावला. दिरांचं तोंड असं आवळलं की पुढची पाच मिनिटं ते कुणाला काही बोलू शकले नाहीत, हा एक फायदाच झाला.

"ह्यात हाय त्याच जातीचं तुमच्या च्यात हाय," व्याही म्हणाले. "कातडं कमवायचा माल आपुन प्वाटात घालतो. घाला! मी नगो म्हनत न्हाई. च्या वाईट न्हाई, येळ वाईट."

तासाच्या ठोक्याला चहा आला. पिवळट, पातळ, तीन मिनिटांच्या वर न उकळलेला. पाणी आणि चहापत्ती यांची नुसती ओळख करून दिली होती, सोयरीक नव्हती. आमची मात्र सोयरीक जमली.

लग्न मेढ्यालाच झालं. मी वरमाई! वरमाईचा मान काय असतो हे मी सांगायला नको. बुंदीचं जेवण झालं, मी हात धुऊन खुर्चीवर बसले, कुणीतरी माझ्या हातात वाफाळलेला चहाचा कप दिला. मी तो तोंडाला लावणार, तेवढ्यात मुलीचा बाप मांडवातून पळत आला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, माझ्या हातातला कप काढून घेतला.

"इहीनबाई, पाया पडतो. पर जेवून धा मिन्टं झाली न्हाईती."

"पाव्हणं," मी म्हणाले, "पाया मागनं पडा, कप आधी द्या."

दिला नाही! माझ्या पदरच्या शंभर माणसांसमोर नाही दिला. आमचं सगळं वऱ्हाड रुसून एसटी स्टँडाजवळच्या टपरीवर गेलं. तर व्याही मागोमाग तिथं हजर. टपरीवाल्याच्या भांड्यात वाकून बघितलं आणि त्याला म्हणाले, "दादा, सकाळपास्नं ह्येच उकळतोयस व्हय रं? भांडं गळंल एकांदिवशी, पर च्या उभा ऱ्हाईल." टपरीवालाही हसला. आणि संध्याकाळी आमच्या थोरल्या दिरांचं बुंदीनं पोट बिघडलं, तेव्हा याच माणसानं आपल्या हातानं वीस मिनिटं कोरा चहा उकळला, डांबरासारखा, आणि त्यांना पाजला. "ह्याला घड्याळ न्हाई," म्हणाले, "ह्ये औशद हाय. प्वाट आवळून धरतंय." सकाळी दीर ठणठणीत! तेव्हापासून दीर त्यांचे शिष्य झाले. जेवून उठले की मनगटावरचं घड्याळ बघतात आणि मला डोळे दाखवतात.

लोकांना वाटतं, असा माणूस घरात जुलूम करत असेल. तसं नाही. विहीणबाईंना जेवणावर चहा लागतो, लागतो म्हणजे लागतोच. त्या रोज दुपारी जेवण झालं की शेजारणीकडं "निवडायला डाळ घेऊन" जातात, आणि तिथं गरम चहा पितात. सगळ्या आळीला माहीत. व्याह्यांनाही माहीत! त्यांना त्या बाजूनं जायचं असलं तर ते दहा पावलं आधीपासून मोठमोठ्यानं खोकत येतात, म्हणजे बायकोला कप लपवायला वेळ मिळावा. मी एकदा डोळ्यांनी बघितलं. मी विचारलं, "पाव्हणं, खोकला लय झालाय?" तर म्हणाले, "व्हय, दुपारचाच येतो." एवढं बोलून मिशीत हसले. त्या दिवशी मला हा माणूस आवडला. त्यांना सांगितलं नाही, डोक्यावर बसले असते.

माझ्याकडं आले की मात्र आमचं जुंपायचं. त्यांच्याकडं अजून जुनी रीत पाळतात, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही. त्यामुळं ते कडेगावला यायचे ते डबा, पाण्याची बाटली आणि आपल्या चहाचा थर्मास घेऊन. पुढच्या सोप्यात बसायचे, थर्मासचं झाकण उघडायचे आणि नाक माझ्या स्वयंपाकघराकडं वळवायचे. माझा चहा म्हणजे पहाटे पाचला पातेलं चढतं ते दहापर्यंत उतरत नाही. येईल त्याला त्यातलाच चहा, कमी पडला की वरून पाणी आणि चिमूट पत्ती, चोथा तसाच आत. आमच्या घरी उसाला पाणी पाजून आलेली माणसं असतात, त्यांना पिवळं पाणी देऊन कसं चालेल? एकदा व्याही दारातूनच पातेल्यात डोकावले.

"इहीनबाई, ह्यात पायताण टाकलं तर कमावून निघंल."

"टाका की तुमचं," मी म्हणाले. "बूट न्हाईतरी लय आखडल्यात."

असं आमचं चालायचं. मग सूनबाईला दिवस गेले, आणि चेष्टा संपली.

तिसऱ्या महिन्यात सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्त नऊ. लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, पालेभाजी, नाचणी, गूळ, सगळं सांगितलं. सूनबाईला पाण्याबरोबर गोळी उलटून पडायची. मग मी शक्कल काढली. आमच्याकडं डोकं दुखो, अंग दुखो, कुठलीही गोळी चहाबरोबरच घ्यायची पद्धत. सकाळी मी स्वतः तिच्यापुढं उभी राहायचे, एका हातात गोळी, एका हातात माझा कडक चहा. गटागट प्यायली की उलटी नाही! मी एक दिवस चुकू दिला नाही. दोन महिन्यांनी परत तपासलं. रक्त आठ! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या नेमानं घेते ना?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "माझ्या डोळ्यांदेखत घेते." बाईंनी गोळी बदलून दिली. सातव्या महिन्यात रक्त आठावरच. तेव्हा बाई स्पष्ट बोलल्या. महिन्याभरात चढलं नाही तर हिला सांगलीलाच भरती करायचं, रक्त द्यायला लागेल, आणि बाळंतपणाला डोंगरात मुळीच पाठवायचं नाही. बाळंतपणात रक्त जास्त गेलं तर पोरीच्या जिवावर बेतेल.

पोर घरी येऊन माजघरात बसून राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, तिच्या बापानं तिच्यासाठी खोली रंगवून ठेवलेली, पाळण्याला नवी दोरी घातलेली. मला राग आला, आणि मला राग आला की तो कुणावर तरी काढावा लागतो. मी मेढ्याला फोन लावला आणि विहीणबाईंना सुनावलं, "लेकीला न्हानपनी काय खायला घातलं का न्हाई? नुसतं घड्याळच दाखवलं?" आणि फोन ठेवून दिला. नंतर कळलं, फोन व्याह्यांच्या हातात होता.

आठवड्यानं डोहाळजेवण होतं. व्याही, विहीणबाई आदल्या दिवशी संध्याकाळीच आले. बुट्टीभर लिंबं, आवळे, नाचणीचं पीठ, डोंगरातल्या भाज्या. थर्मास उघडला, प्याले, बंद केला. पातेल्यात डोकावले नाहीत. मला चुकल्यासारखं झालं, पण मी कशाला बोलते!

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलेलं. आळीतल्या, भावकीतल्या, सगळ्या. मी नेहमीसारखी सूनबाईपुढं गेले, एका हातात गोळी, एका हातात चहा. तिनं गोळी तोंडात टाकली, वर चहा घेतला. मी मान वर केली तर दारात व्याही उभे. डोळे माझ्या हातातल्या कपावर. मला वाटलं, आता संपलं! लग्नाच्या मांडवात शंभर माणसांपुढं कप काढून घेणारा माणूस, आता पन्नास बायकांपुढं माझी अब्रू काढणार. फोनवर मी बोलले होते त्याचं सव्याज परत करणार. त्यांचा हक्क होता. मी पदर खोचून तयार राहिले.

माणूस वळला आणि निघून गेला.

थोड्या वेळानं मी परसात भांडी घासायला गेले, तर ते तिथं पायरीवर बसलेले. त्यांनी सूनबाईच्या गोळ्यांतली एक मागून आणली होती. एका वाटीत माझ्या पातेल्यातला, दूध घालायच्या आधीचा कोरा चहा. त्यांनी खिशातल्या चाकूनं गोळीवरची लाल साल खरवडली, दगडावर गोळी फोडली आणि पूड वाटीत टाकली. काडीनं ढवळलं. मी बघत होते. लालसर चहा माझ्या डोळ्यांपुढं काळा झाला. काळा म्हणजे शाईसारखा काळाभोर! त्यांनी काडी त्यात बुडवली आणि परसाच्या पांढऱ्या भिंतीवर एक रेघ ओढली. ठळक रेघ उमटली.

"आमी शाळंत हिरड्याची अशीच शाई करायचो," ते हळू म्हणाले. "लोखंडाचा गंजका खिळा टाकून."

मला दोन महिने आणि त्यावर अजून दोन महिने, रोज सकाळी उभी राहिलेली मी दिसत होते.

"म्हंजे मी पोरीला..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तुमी मायेनं दिलंसा," ते म्हणाले. "तिला उलटी हुतीया, म्हनून दिलंसा. मी लेकीला सांगायला पायजे हुतं, मी सगळ्या जगाला सांगत बसलो. घरातल्यांनी माझं ऐकायचं कवाच सोडलंय." मग त्यांनी वाटी नालीत ओतली. "आतल्या बायकांना सांगू नगा. मीबी न्हाई सांगत. लेकीला ह्याच घरात ऱ्हायाचं हाय, तुमच्या हाताखाली."

मला वाटलं, त्यांनी ओरडायला पाहिजे होतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

त्याच दिवशी दुपारी मी धाकट्याकडून डॉक्टरीणबाईंना फोन करवला आणि स्वतः खरं काय ते सांगितलं. बाई म्हणाल्या, नुसत्या चहानंच झालं असं नाही, पण चहा गोळीपासून लांब ठेवा, लिंबाच्या पाण्याबरोबर द्या, आणि उलटी होते हे मला आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांच्या बुट्टीतलं लिंबू, गोळी, आणि चहा दुपारच्या मधल्या वेळेला, तोही कपभर. पातेलं मी स्वतः उतरवलं. दीर म्हणाले, "वैनी, पातेलं थंड? तब्येत बरी हाय न्हवं?" मी त्यांना कामाला लावलं.

आणि महिन्यानं रक्त दहाच्या वर! धाकट्यानं सांगलीहून फोन केला तेव्हा मी अंगणात होते, मी एवढ्यानं ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. डॉक्टरीणबाईंनी माहेरी जायला हो म्हटलं, फक्त बाळंतपण साताऱ्याच्या दवाखान्यात, एवढी अट. मेढ्यात त्या दिवशी काय झालं ते विहीणबाईंनी सांगितलं. व्याह्यांनी सगळ्या आळीला जेवायला बोलावलं, वर चहा जाहीर केला, आणि माणसं चहासाठी तासभर घड्याळाकडं बघत बसली. एक जण उठला नाही! गावानं त्यांच्या तासाला दिलेला तो पहिला मान.

नात झाली. पावणेतीन किलोची, आवाज आजोबांचा. सव्वा महिना झाल्यावर तिघं तिला घेऊन कडेगावला आले. आता रीत सुटली होती. व्याही पहिल्यांदा माझ्या घरी पाटावर बसून जेवले, पोटभर. मी बरोबर एक तास थांबले. मग त्यांच्या पद्धतीनं पातळ, पिवळा, तीन मिनिटांचा चहा केला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी कपात बघितलं. "ह्ये काय? तुमचा कुठाय?"

"माझा सकाळचा हाय पातेल्यात. पायताण कमवायचा."

"त्योच आना."

आणला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड हिरडा चावल्यासारखं आवळलं, डोळ्यात पाणी आलं, आणि तरी सगळा कप प्याले. तळाला राहिलेलासुद्धा बशीत ओतून प्याले.

"कसा हाय?" मी विचारलं.

"इहीनबाई," ते मिशी पुसत म्हणाले, "आता माझ्या प्वाटाचं कातडं अजून ईस वर्सं टिकतंय."

नात आता बालवाडीत जाते. परसातल्या भिंतीला दोन दिवाळ्यांपूर्वी चुना दिला, रेघ गेली. रेघा जपून ठेवायला मला वेळ नाही. व्याह्यांचे गुडघे गेलेत, डोंगर उतरून कडेगावला येणं होत नाही. कानानंही कमी ऐकू येतं, फोनवर तर जवळजवळ नाहीच. पण रोज दुपारी माझं जेवण झालं की त्यांचा फोन येतो. "इहीनबाई, तास झाला का?" एवढंच विचारतात. मी काय उत्तर देते ते त्यांना ऐकू येत नाही, तरी मी खरं तेच सांगते. झाला नसेल तर नाही म्हणते. ते पलीकडून "बरं, बरं," म्हणतात आणि ठेवतात.

त्या एका तासात काय करायचं हा प्रश्न असतो, म्हणून आज हे लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात अजून पाच मिनिटं कमी आहेत. पातेलं घासून पालथं घातलंय. फोन अजून आला नाही.